वर्गात बिझनेस कार्ड शिकवताना: कोऱ्या चिठ्ठीपासून छपाईच्या पीडीएफपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक कक्षात वीस-पंचवीस विद्यार्थी आहेत, आठेक तासिका हाताशी आहेत आणि डिजिटल साधने वापरून बिझनेस कार्डचे डिझाइन शिकवायचे आहे. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, सुरुवात कुठून करावी, गुण कसे द्यावेत आणि पडद्यावर देखणे दिसणारे कार्ड छापल्यावर का बिघडते?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे नियोजन त्यावरच ठरते. काम करताना पडद्यावरचे कार्ड खऱ्या आकारात जवळजवळ कधीच नसते. ९० मिलिमीटर रुंदीचे कार्ड विद्यार्थी तिप्पट मोठे करून पाहतो, म्हणजे त्याच्यासमोर सुमारे २७ सेंटिमीटर रुंद फलक असतो. त्यावर ५ पॉइंटची, म्हणजे अगदी बारीक, अक्षरेही आरामात वाचता येतात आणि जागा भरपूर उरल्यासारखी वाटते. मग तो आणखी एक चिन्ह टाकतो, एक घोषवाक्य टाकतो, खाली एक रंगीत पट्टी ओढतो. तेच कार्ड छापून हातात आले की वाचायला भिंग लागते. याला विद्यार्थ्याची आवडनिवड कारण नसते, मापाचा अंदाज नसणे हे कारण असते. म्हणून पहिल्या दोन तासिकांत संगणक सुरूच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दोन तासिका: कागद, पट्टी, पेन्सिल

प्रत्येकाला ९० × ५५ मिलिमीटरच्या आठ-दहा कोऱ्या चिठ्ठ्या कापायला लावा. कापणे त्यांनीच करायचे. पट्टी धरून ५५ मिलिमीटर मोजले की ते माप डोळ्यात बसते. मापे सगळीकडे एकसारखी नाहीत, हेही इथेच सांगून टाका. युरोपात ८५ × ५५ मिलिमीटर रुळले आहे, अमेरिकेत साडेतीन बाय दोन इंच म्हणजे ८८.९ × ५०.८ मिलिमीटर, जपानमध्ये ९१ × ५५. बँकेच्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय माप ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर आहे आणि पाकिटांचे कप्पे बहुधा त्याच मापाचे असतात. वर्गासाठी कोणतेही एक माप ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. या उत्तरात सगळे आकडे ९० × ५५ साठी दिले आहेत.

नंतर मजकूर. विद्यार्थ्यांना एक काल्पनिक व्यवसाय द्या, उदाहरणार्थ सायकल दुरुस्तीचे केंद्र, आणि त्या मालकाला कार्डावर हवी असलेली माहिती मुद्दाम जास्त द्या: केंद्राचे नाव, मालकाचे नाव, दोन फोन, दोन ईमेल, संकेतस्थळ, तीन ओळींचा पत्ता, सात सेवांची यादी, स्थापनेचे वर्ष, घोषवाक्य. पत्ता एकच धरला तर एकूण सतरा गोष्टी. विद्यार्थ्याने त्यातल्या सहा किंवा सात ठेवायच्या आणि प्रत्येक गाळलेल्या गोष्टीपुढे एका वाक्यात कारण लिहायचे. ‘जागा नव्हती’ हे कारण चालणार नाही. ‘सेवांची यादी संकेतस्थळावर आहे’ किंवा ‘दुसरा फोन कोणी उचलत नाही’ हे चालेल. डिझाइनमधला सर्वांत अवघड निर्णय इथे होतो, आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर घेऊन देत नाही.

विद्यार्थ्यांचे खरे नाव, फोन किंवा घरचा पत्ता या कामात अजिबात वापरू देऊ नका. ही कार्डे वर्गात फिरतात, भिंतीवर लागतात, ऑनलाइन साधनांत साठून राहतात. फोनसाठी १२३४५ ६७८९० असा उघडपणे खोटा क्रमांक द्या. संकेतस्थळासाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ वापरा. हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, त्यामुळे चुकूनही कोणाचे खरे पान उघडत नाही.

मग त्याच कोऱ्या चिठ्ठ्यांवर सहा कच्चे आराखडे, खऱ्या आकारात, पेन्सिलने. ओळीच्या जागी नुसती रेघ ओढायची नाही, तर खरा मजकूर लिहायचा. ईमेलचा पत्ता किती लांब असतो हे हाताने लिहिताना कळते. सहापैकी निदान दोन उभ्या मांडणीचे आणि एक कोणतेही चित्र किंवा चिन्ह नसलेले हवे. पहिले दोन आराखडे सगळ्यांचे सारखेच येतात: डाव्या कोपऱ्यात चिन्ह, मध्ये नाव, खाली पत्ता. वेगळे काही चौथ्या-पाचव्या आराखड्यापासून सुचू लागते, म्हणून सहाचा आग्रह धरा.

साधन कोणते

मापाचे नेमके आकडे लिहिता येतात आणि अक्षरे वेक्टर राहतात (ठिपक्यांनी नव्हे, रेषांनी बनलेली, म्हणून कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ), असे कोणतेही साधन चालेल. चित्रे रंगवण्या-सुधारण्याचे सॉफ्टवेअर, म्हणजे फोटोशॉप किंवा गिंप, या कामाला घेऊ नका. त्यांतून सपाट चित्र म्हणून बाहेर पडलेल्या छोट्या अक्षरांच्या कडा छपाईत फाटलेल्या दिसतात.

शिकवण्यासाठी माझी पहिली पसंती इंकस्केप या वेक्टर चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरला आहे. ते मुक्त आहे, जुन्या संगणकांवर चालते, इंटरनेट लागत नाही आणि त्यात तयार साचे समोर येत नाहीत. पानांची मांडणी आणि छपाईची फाइल यासाठी स्क्रायबस त्याच्या जोडीला घ्यावे. देवनागरीसाठी स्क्रायबसची १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती बसवा, १.४ मध्ये जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार विस्कटतात. इलस्ट्रेटर उपलब्ध असेल तर उत्तमच, फक्त टाइपच्या प्राधान्यक्रमांत जाऊन भारतीय लिपींचे पर्याय चालू करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोजर (अक्षरे जुळवणारी सोय) लावा. तो नसेल तर ‘क्ष’चा पाय मोडतो आणि विद्यार्थी फॉन्टला दोष देतात.

कॅनव्हा हे तयार साच्यांचे ऑनलाइन साधन सोपे आहे आणि दोनच तासिका असतील तर तेच घ्यावे. आठ तासिका असतील तर ते शेवटी दाखवा. कारण उघड आहे: साचा निवडला की मांडणी, रंग आणि अक्षरे या तिन्हींचे निर्णय आधीच झालेले असतात. विद्यार्थी फक्त नाव बदलतो, काम सुबक दिसते आणि काय शिकला ते शिक्षकालाही सांगता येत नाही. शिवाय इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात मराठी नाव टाकले की वरच्या मात्रा आणि खालचे उकार शेजारच्या ओळींत घुसतात. कॅनव्हा घ्यायचेच असेल तर कोऱ्या पानापासून, माप मिलिमीटरमध्ये लिहून सुरुवात करायला लावा.

संगणक फारच जुने असतील तर लिबरऑफिसमध्ये नवीन दस्तऐवजाच्या यादीत बिझनेस कार्डचा पर्याय असतो. एका पानावर अनेक कार्डे लगेच मिळतात. मांडणीवर नियंत्रण कमी, पण मजकुराची निवड आणि उतरंड (काय आधी दिसावे, काय नंतर) शिकवायला तेवढे पुरते.

फाइल उघडण्यापासून शिकवा

ही पायरी घाईत उरकली की पुढचे सगळे चुकते, म्हणून पूर्ण एक तासिका द्या. कार्ड गठ्ठ्याने कापले जाते, आणि कापताना पाते अर्धा ते एक मिलिमीटर इकडे-तिकडे जाऊ शकते. म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवायचा. याला ब्लीड म्हणतात. महत्त्वाचा मजकूर कडेपासून ४ मिलिमीटर आत ठेवायचा. तर इंकस्केपमध्ये:

डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, एकक मिलिमीटर करा, पानाची रुंदी ९६ आणि उंची ६१ ठेवा. म्हणजे कार्ड अधिक चारी बाजूंचे ब्लीड. आता एक आयत काढा आणि वरच्या पट्टीत त्याचे आकडे टाइप करा: एक्स ३, वाय ३, रुंदी ९०, उंची ५५. ही कापायची रेषा. दुसरा आयत: एक्स ७, वाय ७, रुंदी ८२, उंची ४७. ही मजकुराची हद्द. दोन्ही निवडून शिफ्ट-जी दाबले की आयतांच्या मार्गरेषा होतात. पार्श्वभूमीचा रंग द्यायचा तर तिसरा आयत ० आणि ० पासून ९६ × ६१ चा, वेगळ्या लेयरवर, आणि तो लेयर कुलूपबंद.

इथे एक ठरलेली अडचण येते. विद्यार्थी रुंदी ९० लिहितो, नंतर आयताची किनार जाड करतो आणि आकडा ९१ होतो. इंकस्केप मूळ सेटिंगमध्ये किनारीसकट माप मोजते. १ मिलिमीटरची किनार दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर बाहेर येते. म्हणून मापाच्या आयतांना किनार नकोच, फक्त भरलेला रंग. ही गोष्ट फळ्यावर काढून दाखवा, कारण पुढे क्यूआर कोड आणि चिन्ह जागेवर बसवतानाही तीच अडचण येते.

जी साधने पिक्सेलमध्ये माप मागतात त्यांच्यासाठी हिशेब द्या: मिलिमीटर भागिले २५.४ गुणिले ३००. म्हणजे ९६ × ६१ मिलिमीटरला ११३४ × ७२० पिक्सेल. चिन्हाची प्रतिमा बाहेरून आणली असेल तर हाच हिशेब उलटा करायचा. ३०० पिक्सेल रुंद चिन्ह २५ मिलिमीटरमध्ये बसवले तर इंचाला सुमारे ३०० पिक्सेल मिळतात, छपाईला ठीक. तेच ओढून ५० मिलिमीटर केले की १५० उरतात आणि कडा फाटतात. एसव्हीजी या वेक्टर स्वरूपातले चिन्ह मिळाले तर हा प्रश्नच उरत नाही.

अक्षरे: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

पहिल्या कार्डावर बंधन घाला: एकच फॉन्ट कुटुंब, त्यातली दोन वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार), तीन आकार, एक रंग आणि काळा, चित्र नाही. विद्यार्थी कुरकुर करतील. पण एवढ्याच सामग्रीत चांगले कार्ड साधले की पुढे काय वाढवायचे ते त्यांना स्वतःला कळते.

तीन आकारांची सुरुवात अशी करून द्या: नाव १३ पॉइंट ठळक, पद किंवा व्यवसाय ९ पॉइंट, संपर्काच्या ओळी ८.५ पॉइंट. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, साधारण ०.३५ मिलिमीटर. इंग्रजी अक्षरे ७ पॉइंटपर्यंत चालतात. देवनागरीला तेवढ्यात भागत नाही, कारण त्याच उंचीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-रुकार बसवायचा असतो, त्यामुळे मूळ अक्षर लहान होते. ८ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका, आणि तेव्हाही अतिठळक वजन नको. ठळक वजन आणि लहान आकार एकत्र आले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतल्या बारीक मोकळ्या जागा बुजतात. एखाद्याच्या आडनावात ही अक्षरे असली की नावच बदलते.

ओळींतले अंतर इंग्रजीत आकाराच्या १.२ पट पुरते, देवनागरीला १.४ ते १.५ पट ठेवा. म्हणजे ८.५ पॉइंटच्या मजकुराला सुमारे १२ ते १२.७५ पॉइंट. तपासणीसाठी वरच्या ओळीत ‘कृ’, ‘द्रू’ आणि खालच्या ओळीत ‘र्की’, ‘ऐं’ अशी अक्षरे टाकून पाहा. एकमेकांना भिडली तर अंतर कमी आहे.

अक्षरांमधले अंतर वाढवणे हा इंग्रजी कार्डावर रुळलेला प्रकार आहे, पण देवनागरीत तो करू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरे दिसतात. विद्यार्थी हे हमखास करतात, कारण त्यांनी पाहिलेल्या इंग्रजी नमुन्यांत ते सुंदर दिसलेले असते. मोठ्या लिपीतली अक्षरेही आपल्याकडे नाहीत, त्यामुळे नाव उठून दिसायला आकार, वजन, रंग आणि भोवतालची मोकळी जागा एवढीच साधने आहेत. यांतली एका वेळी दोनच वापरायला सांगा. नाव मोठेही, ठळकही, रंगीतही आणि चौकटीतही असले की बाकीचा मजकूर मरतो.

ठळक वजन नसलेल्या फॉन्टला कृत्रिम ठळक करणे किंवा अक्षरांना बाहेरून किनार देऊन जाड करणे टाळा, पोकळ्या बुजतात. मुक्त (Mukta), हिंद, बलू २, नोटो सान्स देवनागरी, पॉपिन्स या युनिकोड कुटुंबांत अनेक वजने आहेत आणि इंग्रजी अक्षरे त्याच कुटुंबात मिळतात, त्यामुळे ईमेलची ओळ परकी वाटत नाही. ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणे हवी असतील तर तिरो देवनागरी मराठी पाहा. बिगर-युनिकोड जुने फॉन्ट वर्गात आणूच नका. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात, आणि ईमेल किंवा मोबाइलवर तो मजकूर कॉपीही करता येत नाही.

आकडे देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हा निर्णय कार्डाच्या वाचकावर सोडा, पण एका कार्डावर एकच पद्धत ठेवा. देवनागरी आकडे घेतले तर त्या फॉन्टमध्ये १ आणि ९ लहान आकारात वेगळे ओळखू येतात का ते छापून पाहा. फोन क्रमांक सलग दहा आकड्यांचा नको. पाच-पाचचे दोन गट केले की वाचून डायल करताना चूक कमी होते, आणि गटांमधली जागा न तुटणारी ठेवली की क्रमांक दोन ओळींत फुटत नाही.

मांडणीचे नियम शब्दांत सांगण्यापेक्षा अलाइन आणि डिस्ट्रिब्यूटचा चौकोन उघडून दाखवा. संपर्काच्या ओळी एका गटात, नाव आणि पद दुसऱ्या गटात; गटांमधले अंतर ओळींमधल्या अंतराच्या निदान दुप्पट. सगळा मजकूर एकाच उभ्या रेषेला टेकलेला. मध्यभागी जुळवलेले कार्ड नवख्यांना सोपे वाटते, पण पाच-सहा वेगवेगळ्या लांबीच्या ओळी मधोमध आल्या की दोन्ही कडा दातेरी होतात. पहिल्या कार्डासाठी डावीकडून जुळवणी सक्तीची करा. फोनचे, पाकिटाचे, पृथ्वीगोलाचे छोटे चिन्ह प्रत्येक ओळीआधी लागतेच असे नाही. ईमेल हा ईमेल आहे हे वाचणाऱ्याला कळते.

रंग

पडद्याचे रंग प्रकाशाचे असतात आणि छपाईचे शाईचे. त्यामुळे झगझगीत हिरवा, निऑन गुलाबी आणि विजेसारखा निळा छपाईच्या चार शाईंत (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) जसाच्या तसा येत नाही, मंदावतो. निळ्याचा आणखी एक त्रास: निळी शाई १०० आणि किरमिजी शाईही १०० च्या आसपास गेली की छपाईत जांभळे दिसते. दोन्हींत निदान ३० टक्क्यांचा फरक ठेवला, उदाहरणार्थ १०० आणि ६५, की निळा निळाच राहतो.

काळ्याचे दोन प्रकार समजावून सांगा. छोट्या मजकुराला फक्त काळी शाई १०० टक्के. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला निळी ६०, किरमिजी ४०, पिवळी ४०, काळी १००. बेरीज २४० टक्के, म्हणजे शाई सुकायला अडचण नाही. हे मिश्रण छोट्या अक्षरांना वापरले तर चार शाया केसभर सरकल्या तरी अक्षरांना रंगीत सावली येते. इंकस्केपच्या पीडीएफमधला काळा आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीचा, असतो, आणि प्रेसमध्ये रूपांतर होताना त्याचा असाच चार शाईंचा काळा होऊ शकतो. म्हणून ऑफसेटवर (प्लेट आणि शाईच्या छपाईयंत्रावर) छापायचे असेल तर अंतिम मजकूर स्क्रायबसमध्ये बसवून त्याला फक्त काळी शाई द्या. टोनरच्या डिजिटल छपाईला आरजीबी पीडीएफ बहुतेक वेळा चालते.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे असतील तर एक वजन जाड घ्या, कारण शाई आत पसरते. रेषा ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक नको, पांढरी उलटी रेषा असेल तर ०.५ पॉइंट. आणि सगळे कार्ड एकदा राखाडी करून पाहायला सांगा. रंग गेल्यावर मजकूर पार्श्वभूमीत विरला, तर रंगांत फरक होता पण उजेड-अंधारात नव्हता.

कडेलगतची चौकट हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकार आहे आणि तो थांबवायला हवा. कडेपासून २ मिलिमीटर आत चौकट आहे, कापताना पाते अर्धा मिलिमीटर सरकले, की एका बाजूला अडीच आणि दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटर उरते. एवढा फरक लांबूनही जाणवतो.

क्यूआर कोड: हिशेब करूनच बसवा

क्यूआर कोडमध्ये माहिती जितकी जास्त तितके चौकोन जास्त, आणि कार्डावर जागा तितकीच. सर्वांत लहान कोड २१ × २१ चौकोनांचा असतो आणि पुढची प्रत्येक पायरी चार चौकोनांनी वाढते. छोटा संकेतस्थळ-पत्ता, ४२ रोमन अक्षरांपर्यंत, मध्यम त्रुटीसुधारणेवर (कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा यासाठीची सोय) २९ × २९ मध्ये बसतो. भोवती प्रत्येक बाजूला चार चौकोनांइतकी कोरी जागा लागतेच, म्हणजे एकूण ३७. कोऱ्या जागेसकट २० मिलिमीटर दिले तर प्रत्येक चौकोन ०.५४ मिलिमीटरचा, मोबाइल सहज वाचतो.

आता विद्यार्थी नाव, पद, पत्ता, दोन फोन, सगळे संपर्कपत्र कोडमध्ये भरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा धरून. मजकूर सहज २०० बाइटांवर जातो आणि कोड ५७ × ५७ चा होतो. कोऱ्या जागेसकट ६५. त्याच २० मिलिमीटरमध्ये चौकोन ०.३१ मिलिमीटरचा. पडद्यावर स्कॅन होतो, पण खरखरीत कागदावर शाई पसरली की अडतो. म्हणून कोडमध्ये छोटा पत्ता ठेवा आणि माहिती त्या पानावर. कोड गडद आणि पार्श्वभूमी फिकट हवी. उलटे रंग काही मोबाइल वाचत नाहीत. मध्ये चिन्ह बसवायचे असेल तर सर्वांत वरची त्रुटीसुधारणा घ्यावी लागते, जी साधारण ३० टक्क्यांपर्यंतची हानी भरून काढते, पण तिच्यामुळे चौकोन पुन्हा वाढतात. चाचणी नेहमी छापील कार्डावर, दोन वेगवेगळ्या मोबाइलवर.

छापून पाहणे

हे शेवटच्या दिवसाचे काम नाही. डिझाइनच्या प्रत्येक तासिकेच्या अखेरीस साध्या ए-४ कागदावर खऱ्या आकारात एक प्रत निघालीच पाहिजे. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय काढून ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा, आणि बाहेर आलेल्या कार्डाची रुंदी पट्टीने मोजा. ९० ऐवजी ८७ भरली तर कोणीतरी ‘बसवा’ ठेवले आहे. कार्ड कापून हातभर अंतरावर धरा. शेजारच्या विद्यार्थ्याला तीन सेकंद दाखवून काढून घ्या आणि विचारा: कोणाचे कार्ड, काय काम करतात? त्याला घोषवाक्यच आठवले तर उतरंड चुकली आहे.

एका ए-४ वर ब्लीडशिवाय ९० × ५५ ची दहा कार्डे बसतात: दोन रांगा, प्रत्येकी पाच, एकूण १८० × २७५. ब्लीड धरले की पाच कार्डांची उंची ३०५ होते आणि पान २९७ चेच असते, म्हणून आठच बसतात. पान आडवे केले तर तीन बाय तीन म्हणजे नऊ बसतात, २८८ × १८३. मात्र डावी-उजवीकडे जेमतेम साडेचार मिलिमीटर उरतात आणि अनेक प्रिंटर तेवढ्या कडेला छापत नाहीत. आठच ठेवा, कापण्याच्या खुणांनाही जागा मिळते.

पाठपोट छापताना पुढची डावी रांग मागच्या बाजूला उजवीकडे येते. सगळी कार्डे सारखी असतील तर फक्त वरची बाजू जुळवायची: उभ्या पानाला लांब कडेवर उलटणे निवडा. एका पानावर वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची कार्डे असतील तर मागच्या पानावर रांगांची अदलाबदल हाताने करावी लागते, नाहीतर एकाच्या नावामागे दुसऱ्याचा क्यूआर कोड येतो. आधी कोऱ्या पानावर पेन्सिलने पुढे १, २ आणि मागे १, २ लिहून एक फेरी करून पाहा.

अंतिम कार्डासाठी ३०० ते ३५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद वापरतात. बहुतेक साध्या प्रिंटरना तो झेपत नाही, त्यामुळे बळजबरीने घालू नका; साध्या कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवले तरी वर्गाच्या प्रदर्शनाला पुरते.

गुण

वीस गुण धरले तर मजकुराची निवड आणि अचूकता ५, उतरंड आणि मांडणी ६, छपाईची सिद्धता ५, प्रक्रिया ४. ‘सौंदर्य’ असा वेगळा रकाना ठेवू नका. त्यावर वाद होतो आणि विद्यार्थ्याला पुढे काय सुधारावे ते कळत नाही. फोन क्रमांकात किंवा नावाच्या शुद्धलेखनात एक जरी चूक असली तरी पहिल्या रकान्यातले पाचही गुण जातात, हे सुरुवातीलाच जाहीर करा. कठोर वाटेल, पण एका चुकीच्या आकड्याने अख्खा छापील गठ्ठा रद्दी होतो. तपासणी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून, मूळ मजकुराच्या कागदाशी ताडून, क्रमांक शेवटून उलटा वाचत करून घ्या. प्रक्रियेचे गुण सहा आराखडे आणि गाळलेल्या गोष्टींची कारणे यांवर द्या. नक्कल इथे लगेच उघडी पडते.

सुपूर्द करताना प्रत्येकाकडून दोन फाइली घ्या: संपादन करता येणारी मूळ फाइल आणि छपाईची पीडीएफ. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषाकृतींत, रूपांतर करण्याचा पर्याय निवडला की फॉन्टचा प्रश्न मिटतो आणि मूळ फाइलमधला मजकूर बदलता येण्याजोगा राहतो. आधीच मूळ फाइलमध्ये रूपांतर करून ठेवले, तर नंतर वेलांटी सुधारायची म्हटली तरी सगळे नव्याने टाइप करावे लागते. फाइलच्या नावात हजेरी क्रमांक, कार्डाचे कापलेले माप आणि आवृत्ती असू द्या. प्रेसला पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा: पानाचे माप ९६ × ६१ आहे ना, जोडाक्षरे शाबूत आहेत ना, मार्गरेषा आणि मापाचे आयत चुकून छापले जाणार नाहीत ना. सोबत लिहून कळवा की कापलेले माप ९० × ५५ आहे आणि चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड त्यात धरले आहे; ते लिहिले नाही तर प्रेसमध्ये पान आक्रसून ९० × ५५ मध्ये बसवले जाण्याचा धोका असतो.